संदेष्ट्यांचा इशारा कसा ऐकावा

"पोर ऐकत नाही" असे आईने म्हटले, तर मराठी मुलखात त्या पोराला कोणी कानाच्या डॉक्टरकडे नेत नाही. कानावर पडणे आणि सांगितल्याप्रमाणे वागणे, हे दोन्ही अर्थ आपल्या 'ऐकणे' या एकाच क्रियापदात सुखाने नांदतात. हिब्रू भाषेतल्या 'शामा' या धातूचेही तसेच आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून कोकणातला बेने इस्राएल हा यहूदी समाज आपली परंपरा सांगतो. पिढ्यानपिढ्या त्यांचे पुष्कळ काही विस्मरणात गेले, तरी 'शमा इस्राएल', म्हणजे 'हे इस्राएला, ऐक', हे शब्द तोंडी राहिले, असे ती परंपराच सांगते. हिब्रू संदेष्ट्यांच्या पुस्तकांत ईश्वरी इशारे पानोपानी आहेत. ते कसे वाचावेत आणि त्यांचे पालन कसे समजून घ्यावे, हे सांगण्यासाठी हे लेखन आहे. वाचणारा यहूदी असो, ख्रिस्ती असो की केवळ जिज्ञासू हिंदू, त्याने आधी 'ऐकणे' हा शब्द आईच्या अर्थाने घ्यावा.

पहिली अडचण शब्दाचीच येते. मराठी बायबलच्या जुन्या आवृत्त्यांत 'नाबी' या हिब्रू शब्दासाठी 'भविष्यवादी' असा प्रतिशब्द वापरलेला होता; पुढे 'संदेष्टा' हा शब्द रूढ झाला आणि तोच अधिक बरोबर आहे. भविष्यवादी म्हटले की पत्रिका आणि ग्रहदशा मनात येतात, आणि मग वाचणारा यिर्मया या संदेष्ट्याचे पुस्तक पंचांगासारखे उघडून त्यात तारखा शोधू लागतो. त्याऐवजी बंदरावरचा बावटा डोळ्यांसमोर ठेवावा. तीन नंबरचा बावटा चढल्यावर जाणता तांडेल वादळ नेमके कोठे आपटणार यावर पैज लावत बसत नाही. तो होडी खाडीत आत आणून बांधतो, जाळी काढून घेतो आणि खलाशांना घरी पाठवतो. बावटा भाकीत कमी सांगतो आणि काम अधिक सांगतो. वादळ वळून दुसरीकडे गेले, म्हणून बावटा लावणारा खोटा ठरत नाही.

हे माझे मत नव्हे, खुद्द यिर्मयाच्या पुस्तकातला नियम आहे. अठराव्या अध्यायात संदेष्ट्याला कुंभाराच्या घरी जायला सांगितले जाते. चाकावरचे भांडे बिघडते आणि कुंभार त्याच मातीचे दुसरे भांडे घडवतो. त्यावरून सांगितलेला अर्थ असा, की एखाद्या राष्ट्राला उपटून टाकण्याचा इशारा दिला आणि ते राष्ट्र आपल्या दुष्टाईपासून फिरले, तर ठरवलेले अरिष्ट मागे घेतले जाईल. आणि एखाद्याला उभारण्याचे वचन दिले व ते न ऐकता वाईट वागले, तर ते हितही मागे घेतले जाईल. म्हणजे संदेष्ट्याच्या तोंडून 'जर' हा शब्द निघाला नाही, तरी तो प्रत्येक इशाऱ्यात धरूनच चालायचे असते. हा अध्याय आधी वाचून ठेवला नाही, तर पुढची निम्मी पुस्तके निव्वळ शिव्याशाप वाटतात.

वाचायला सुरुवात यशयाच्या पहिल्या अध्यायापासून करून सरळ शेवटापर्यंत जाण्याचा हट्ट करू नये. सहासष्ट अध्यायांच्या त्या पुस्तकात नवा वाचक हमखास अडकतो. योनाचे पुस्तक आधी घ्यावे. त्यात अवघे चार अध्याय आणि 48 वचने आहेत, एका बैठकीत ते वाचून होते. त्यानंतर आमोस संपूर्ण वाचावा, मग यिर्मयाचे 26, 28, 34 आणि 36 हे अध्याय, आणि मग यहेज्केलाचा 33 वा. हे झाल्यावर यशयाकडे वळावे. जवळ एक साधी वही ठेवावी आणि पानावर चार रकाने आखावेत. इशारा कोणाला दिला, कोणत्या कृत्याबद्दल दिला, काय करायला सांगितले, आणि ऐकणाऱ्याने प्रत्यक्षात काय केले. आमच्या वाचनाच्या बैठकीत ही वही सुरू केली तेव्हा कंटाळा करणारे काही जण होते, पण महिनाभरात असे दिसून आले, की तिसरा रकाना भरण्यासाठी जी शोधाशोध करावी लागते तेच खरे वाचन.

तिसऱ्या रकान्यात 'पश्चात्ताप करा', 'देवाकडे वळा' असली मोघम वाक्ये लिहून समाधान मानू नये. संदेष्टे बहुतेक वेळा काम नेमके सांगतात. आमोसाचा आठवा अध्याय पाहावा. तिथले धान्याचे व्यापारी म्हणतात, अमावास्येचा सण कधी सरेल आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, कधी संपेल, म्हणजे आम्हांला धान्याची कोठारे उघडता येतील. मग एफा लहान करू, शेकेल जड करू, तराजूत लबाडी करू आणि गव्हाचे फोलपटही विकू. एफा हे धान्य मोजायचे माप होते. शेकेल हे त्या काळी नाणे नसून सुमारे 11 ग्रॅमचे वजन होते, आणि गिऱ्हाइकाने आणलेली चांदी त्या वजनाने तोलली जाई. माप लहान केल्याने धान्य कमी जाते आणि वजन जड केल्याने चांदी जास्त येते, अशी ती दुहेरी लूट होती. ज्यांनी आपल्या घरात पायली आणि अधोली पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. तांदूळ मोजताना पायली शिगोशीग भरायची की काठावरून हात फिरवून सपाट करायची, आणि सपाट करताना तळहात किंचित आत दाबायचा की नाही, एवढ्याशा हालचालीत घेणाऱ्याचे मूठभर तांदूळ जातात. आमोसाचा इशारा त्या तळहाताला आहे.

यातली एक गोष्ट कोकणातल्या वाचकाला विशेष बोचावी. आमोसाचे व्यापारी शब्बाथ मोडत नाहीत. दुकान बंद ठेवून ते मनातल्या मनात उद्याचा हिशेब करत बसतात. आपल्याकडे शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून बेने इस्राएलांना 'शनवार तेली' हे नाव पडले, आणि ते नाव त्यांच्या निष्ठेची साक्ष म्हणून आदराने सांगितले जाते, ते योग्यच आहे. पण आमोस विचारतो तो प्रश्न रविवारच्या मापाचा आहे. यशयाच्या पहिल्या अध्यायातही हाच सूर आहे. तिथे यज्ञ, सण आणि प्रार्थना यांचा वीट आल्याचे देव सांगतो आणि लगेच काम नेमून देतो. अन्याय दूर करा, अनाथाचा न्याय करा, विधवेची बाजू घ्या. म्हणून आपल्या आयुष्यात एखाद्या इशाऱ्याचे पालन करायचे ठरले, तर नवस बोलण्याच्या आधी कोणाची मजुरी थकली आहे, कोणाचे भाडे आपण फुगवले आहे आणि बागेत राबणाऱ्या गड्याला आगाऊ दिलेले पैसे कोणत्या दराने वळते करून घेत आहोत, हे पाहावे.

काम समजले तरी ते अर्धवट करण्याची खोड फार जुनी आहे. यिर्मयाचा 34 वा अध्याय या बाबतीत सबंध जुन्या करारातला सर्वांत बोलका आहे, असे मला वाटते, आणि तो उपदेशांत फारसा का घेतला जात नाही याचे आश्चर्य वाटते. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता. जिवावर बेतल्यावर यहूदाच्या सिद्कीया राजाला आणि शहरातल्या सरदारांना जुना नियम आठवला, की हिब्रू दासाला सहा वर्षांनंतर सातव्या वर्षी मोकळे करायचे असते. त्यांनी मंदिरात करार केला. वासरू मधोमध चिरून त्याच्या दोन भागांमधून सगळे चालत गेले, म्हणजे करार मोडला तर आपलीही अशीच गत होवो अशी शपथ घेतली. दास आणि दासी मोकळ्या झाल्या. तेवढ्यात मिसरचे, म्हणजे इजिप्तचे, सैन्य येत असल्याची बातमी आली, बाबेलवाले वेढा उठवून निघाले, आणि शहराने सुटकेचा श्वास सोडताच धन्यांनी आपले दास पुन्हा पकडून आणले. चार दिवस मोकळ्या हवेत चालून आलेल्या दासीला त्याच घराचे, त्याच जात्याचे दर्शन पुन्हा घडले. त्यावर आलेला इशारा भयंकर आहे. तुम्ही बंधूंना मुक्तता दिली नाही, तेव्हा मीच मुक्तता जाहीर करतो, ती तरवारीला, मरीला आणि दुष्काळाला.

या अध्यायात हिब्रूतला 'शूव' हा धातू पुन्हा पुन्हा येतो. धन्यांनी दास सोडले तेव्हा ते 'फिरले' असे म्हटले आहे, आणि त्यांनी दास परत आणले तेव्हाही ते 'फिरले' असेच म्हटले आहे. मराठीत ही खोच जशीच्या तशी उतरते. वाईट मार्गावरून माणूस मागे फिरतो आणि दिल्या शब्दावरूनही फिरतो. वहीच्या चौथ्या रकान्यात 'फिरले' असे लिहिताना कोणत्या अर्थाने, हे लिहायला विसरू नये. आणि स्वतःची परीक्षा घ्यायची असेल, तर वेढा उठल्यानंतरच्या आठवड्यात घ्यावी. इस्पितळातून घरी आल्यावर, कोर्टातला दावा मिटल्यावर, वादळ सरल्यावर आपण घाबरून सोडलेले काय काय पुन्हा हातात घेतले, ते पाहावे.

दोन संदेष्टे एकमेकांच्या विरुद्ध बोलू लागले तर कोणाचे ऐकावे? हा प्रश्न यिर्मयाच्या 28 व्या अध्यायात उभा राहतो. हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो, की दोन वर्षांच्या आत बाबेलचे जू मोडेल आणि मंदिराची लुटलेली भांडी परत येतील. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होते, तेही तो काढून मोडून टाकतो. यिर्मयाचे पहिले उत्तर वाचण्यासारखे आहे. तो म्हणतो, आमेन, परमेश्वर तसेच करो. त्याला संकट यावे अशी हौस नाही. मग तो एवढेच सुचवतो, की पूर्वीचे संदेष्टे युद्ध, अरिष्ट आणि मरी यांबद्दल बोलले; शांती सांगणाऱ्याचे म्हणणे मात्र घडून येईल तेव्हाच खरे मानावे. एवढे बोलून तो निघून जातो. लाकडाच्या जुवाच्या जागी लोखंडी जू येईल, हा संदेश त्याला नंतर मिळतो. यातून घ्यायची कसोटी अशी, की जो आवाज तुम्हांला काहीही बदलायला सांगत नाही आणि सगळे ठीक होईल म्हणतो, त्याला पुरावा मागावा. पण उलट बाजूनेही सावध राहावे. मोबाइलवर अमुक तारखेला प्रलय होणार असे निरोप फिरतात, तेही हनन्याचेच भाऊबंद आहेत, कारण त्यांतही कोणी कोणाचे देणे फेडावे असे कधी लिहिलेले नसते; निरोप दहा जणांना पाठवा, एवढेच काम सांगितलेले असते.

इशारा देणाऱ्याची जबाबदारी कोठे संपते, हे यहेज्केलाच्या 33 व्या अध्यायात आहे. पहारेकऱ्याने तरवार येताना पाहून रणशिंग फुंकले आणि लोकांनी मनावर घेतले नाही, तर त्यांचे रक्त त्यांच्याच माथी. त्याने फुंकलेच नाही, तर ते त्याच्या माथी. घरातल्या दारूबाज भावाला, जमिनीच्या वाटणीत बहिणीला डावलणाऱ्या काकांना एकदा स्पष्ट सांगणे हे कर्तव्य आहे. रोज सकाळी चहाबरोबर तेच ऐकवणे हे कर्तव्य नव्हे. त्याच अध्यायाच्या शेवटी यहेज्केलाला सांगितले आहे, की लोक तुझ्यापुढे येऊन बसतात, तुझे शब्द ऐकतात, तू त्यांना गोड गळ्याच्या गाणाऱ्यासारखा, चांगले वाद्य वाजवणाऱ्यासारखा वाटतोस, पण ते तसे करत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेने इस्राएलांनी शास्त्रातल्या कथांवर मराठीत कीर्तने रचली आणि गायली, त्यामुळे हे वचन आपल्याला परके नाही. बुवा रंगले, टाळ्या पडल्या, आणि घरी जाताना चर्चा फक्त आवाजाची झाली, हा अनुभव कोकणातल्या कोणत्या गावाला नाही?

ऐकायचे मनात असूनही पाऊल उचलत नाही, तेव्हा आड काय येते हे यिर्मयाच्या 38 व्या अध्यायातल्या सिद्कीयाच्या गोष्टीत दिसते. तो यिर्मयाला गुपचूप बोलावून सल्ला विचारतो. उत्तर स्पष्ट मिळते, की शरण गेलास तर तुझा जीव आणि शहर दोन्ही वाचेल. राजाची अडचण धर्माची नव्हतीच. तो म्हणतो, जे यहूदी आधीच शत्रूला मिळाले आहेत त्यांच्या हाती मला दिले जाईल आणि ते माझी विटंबना करतील. लोक काय म्हणतील, या भीतीपायी त्याने पुढे डोळ्यांदेखत मुले मारलेली पाहिली आणि मग त्याचे डोळे काढले गेले. त्याच 38 व्या अध्यायात एबद-मलेख हा परदेशी चाकर चिखलाच्या हौदात रुतलेल्या यिर्मयाला वर काढतो. दोर काखेत काचू नये म्हणून तो राजवाड्यातल्या जुन्या फाटक्या चिंध्या आधी खाली सोडतो आणि त्या काखेत धरायला सांगतो. आमच्या बैठकीतल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला सबंध पुस्तकातले हेच वाक्य आवडले होते. दोर ओढणाऱ्यालाच चिंधीचे मोल कळते, असे तो म्हणाला.

पालन केले म्हणजे संकट टळलेच पाहिजे, असा सौदा मात्र मनात धरू नये. आमोस आणि सफन्या दोघेही 'कदाचित' म्हणतात, योएल आणि योनाच्या गोष्टीतल्या निनवे शहराचा राजा 'कोणी सांगावे?' असे म्हणतात. अलिबागजवळ खंडाळे गावी खडकावरच्या खुणेला एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या, रथाची खूण मानून लोक नवस फेडायला येतात. पोहे, ओले खोबरे, गूळ आणि फळे घातलेल्या मलिद्याचे ताट मांडले जाते. इथे तो इच्छा पुरवणारा नबी झाला आहे. ग्रंथात मात्र तो नाबोथाचा द्राक्षमळा बळकावणाऱ्या अहाब राजासमोर उभा राहून त्याला त्याच्या घराण्याचा नाश सांगतो. अहाबाने गोणपाट नेसून उपास केला, तेव्हा ते अरिष्ट रद्द झाले नाही, त्याच्या मुलाच्या काळापर्यंत लांबले. मळा परत केल्याचा उल्लेख त्या अध्यायात कोठेही नाही, हे वहीत टिपून ठेवावे.

वाचन एकट्याने करण्यापेक्षा सणावाराला जोडून केलेले टिकते. हिब्रू पंचांगातल्या आब महिन्याच्या नवमीला, म्हणजे आपल्याकडच्या बिरड्याच्या सणाला, यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचे स्मरण असते; त्या सकाळी यिर्मयातला भाग वाचतात आणि उपास सुटल्यावर वालाचे बिरडे खातात. दरफाळणीच्या सणाला, योम किप्पूरला, सकाळी यशयातला उपासाविषयीचा उतारा असतो, ज्यात भुकेल्याला आपली भाकरी वाटून देणे हाच खरा उपास म्हटला आहे, आणि दुपारच्या प्रार्थनेत योनाचे सबंध पुस्तक वाचले जाते. ज्यांचा हा सण नाही त्यांनीही योना दुपारी, रिकाम्या पोटी वाचून पाहावा.

योनाला निनवेत जे सांगायचे होते ते हिब्रूत फक्त पाच शब्दांचे आहे. आणखी चाळीस दिवस, आणि निनवे उलथेल. त्यात 'जर' नाही, काय करावे हेही नाही. तरीही निनवेच्या लोकांनी काम ओळखले. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला, आणि प्रत्येकाने आपल्या हातांतल्या जुलमापासून फिरावे, असा हुकूम निघाला. 'उलथणे' या क्रियापदाला हिब्रूत 'पालटणे' असाही अर्थ आहे, म्हणजे शहर एका अर्थाने खरोखर उलथलेच. पण शहर वाचले म्हणून योना रुसला. अशा रुसव्याला आपण ओळखतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या बाजूने जमिनीवर आले, त्या दिवशी घर सोडून शाळेच्या खोलीत गेलेल्यांना कोणी वेडे म्हटले नाही, कारण मागे सुपारीच्या बागा आडव्या पडल्या होत्या. पण जेव्हा बावटा चढतो, लोक भांडीकुंडी घेऊन शाळेत रात्र काढतात आणि वारा दूरवरून निघून जातो, तेव्हा सकाळी चहाच्या टपरीवर जी कुरकुर चालते ती थेट योनाची असते. यिर्मयाच्या 26 व्या अध्यायातले वृद्ध पुढारी अधिक शहाणे होते. सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखे नांगरले जाईल असे मीखा हा आधीचा संदेष्टा म्हणाला होता आणि ते त्या वेळी घडले नव्हते. शंभरेक वर्षांनी ते वृद्ध मीखाला खोटे म्हणत नाहीत, त्या वेळच्या हिज्कीया राजाने ऐकले म्हणून टळले, असे सांगून ते यिर्मयाचा जीव वाचवतात.

पुस्तकाच्या शेवटी योना शहराबाहेर मांडव घालून बसतो, सावली देणारे झाड वाळल्यावर चिडतो, आणि देव त्याला विचारतो, की ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी 1 लाख 20 हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे ज्यात आहेत त्या शहराची मला कीव येऊ नये काय? पुस्तक या प्रश्नावरच थांबते. निनवेपुढचे चारही रकाने भरतात. योनापुढचा चौथा रकाना भरायला ग्रंथात काहीच मिळत नाही, तेव्हा तो कोराच ठेवावा आणि पुढचे पान उघडावे.